तळ्यातला विस्तव

गरमिश सुटला की आमच्या गावात पहिलं भांडण चहावरून होतं. त्या वाऱ्यात चूल नाही, चहाचा समोवार नाही, चिलीम नाही, साधी दिव्याची वातसुद्धा नाही. डोंगर उतरून येतो मेला, इतका गरम आणि इतका कोरडा, की भाताच्या पेंढ्याने शाकारलेली आमची छपरं दुपारपर्यंत पापडासारखी कडकडायला लागतात. मग एक ठिणगी उडाली की एक घर जात नाही, अख्खी आळी जाते. आमच्याकडचं पोर बोलायच्या आधी हे शिकतं. पण चहावाचून आम्हा गिलानच्या माणसांचं काय होतं ते बघायचं असेल तर माझा नवरा यदुल्ला बघावा. पहिल्या दिवशी डोकं धरून बसतो, दुसऱ्या दिवशी कोंबड्यांशी भांडतो.

त्या वर्षी गरमिश सुटला तो इस्फंदच्या मध्यावर. थंडीचा शेवटचा महिना, नव्या वर्षाचा सण नौरोज तोंडावर आलेला. आदल्या आठवड्यात अंगणात घोटाभर चिखल होता आणि मी दोन गोधड्या घेऊनही कुडकुडत होते. आणि एका सकाळी उठून बघते तर डोंगर हात लावावा इतका जवळ आलेला, त्याच्यावरचा बर्फ नुसता चमकतोय, कोंबड्या चोची वासून धापा टाकताहेत, आणि कुंपणाजवळचं आलुच्याचं, आंबट हिरव्या फळांचं झाड एका रात्रीत पांढरंफेक फुलून बसलंय. लोकांना फुलं बघून आनंद होतो. मला धस्स झालं, कारण घरात बाळंतीण होती.

माझी लेक तूबा. पहिलटकरीण. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, रडायला लागली की घरालगतच्या तळ्याच्या पलीकडे ऐकू जायची. पण तूबाला दुसऱ्याच दिवशी ताप भरला. डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगाला हात लावला तर चटका बसावा. गरमिश सुटला त्या पहाटेच यदुल्ला फूमनला जाऊन डॉक्टर घेऊन आला. त्याने सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि मला ओटीवर बाजूला घेतलं.

"बाई, उद्या संध्याकाळपर्यंत ताप उतरायला हवा," तो म्हणाला. "उतरला तर काळजी नाही. नाही उतरला तर रश्तच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही. तोवर पाणी पाजत राहा, आणि तिला शांत ठेवा. घाबरवू नका."

शांत ठेवा म्हणे! डॉक्टरचं काय जातंय बोलायला. घरात माझी विहीण बसली होती.

विहीणबाईंचं नाव सनोबर. वरच्या, डोंगरातल्या. आमचा जावई बरातअली फौजेत सक्तीची दोन वर्षं काढायला गेलेला, म्हणून सुनेच्या बाळंतपणाला ह्या खाली उतरल्या. येताना मेंढीच्या तुपाचा डबा आणला, लोकरीच्या गुंड्या आणल्या आणि हातभर लांब एक लोखंडी सळई आणली. सळई कशाला? तर आलसाठी. आल म्हणजे ती लाल केसांची अवदसा. बाळंतिणीच्या खोलीत शिरते, तिचं काळीज काढून घेते आणि पाण्याकडे पळत सुटते. काळीज पाण्यात बुडवलं की संपलं, बाळंतीण गेली. ती भिते दोन गोष्टींना, एक लोखंडाला आणि दुसरं विस्तवाला. म्हणून बाळंतिणीच्या उशाशी दहा दिवस विस्तव जागता ठेवायचा, क्षणभरही विझू द्यायचा नाही. खाली आमच्याकडेही ही रीत आहे, नाही असं नाही. मला विचाराल तर मी मानत नाही. म्हणजे दिवसा मानत नाही. पण तूबा लग्न होऊन दोन वर्षं डोंगरात राहिलेली, आणि तिथे हिवाळाभर दुसरं बोलतात काय? तिच्या डोक्यात आल घट्ट बसलेली होती.

आणि आता बघा गंमत. एक रीत म्हणते विस्तव विझू द्यायचा नाही. दुसरी म्हणते विस्तव ठेवायचा नाही.

उन्हं वर आली तसा कबलाई शाबान बादली घेऊन दारात आला. गरमिशचा राखणदार तो. गावातल्या प्रत्येक चुलीत स्वतःच्या हाताने पाणी ओततो, सख्ख्या भावाच्या चुलीवरही विश्वास ठेवत नाही. आमच्या चुलीत त्याने पाणी ओतलं तेव्हा चर्र आवाज झाला आणि आतल्या खोलीतून तूबा किंचाळली.

"आई! विझवला? आई, विस्तव विझवला?"

मी धावत आत गेले. ती उठून बसलेली, बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलेलं की ते कासावीस झालं होतं. मी बाळ काढून घेतलं, तिला आडवं केलं, कपाळावर ओला फडका ठेवला. वाऱ्याने तो फडका बघता बघता सुकला, दारंखिडक्या लावूनसुद्धा.

"शौकतबाई," विहीण दारातून म्हणाली, "तुमच्याकडे बाळंतिणीला असं ठेवतात होय? गार भात आणि लसणीची पात? ना गरम शिरा, ना तुपातली अंडी, ना उशाशी विस्तव?"

"आमच्याकडे बाळंतिणीला जिवंत ठेवतात," मी म्हटलं. "डोक्यावर पेंढा आहे, विहीणबाई. तुमच्यासारख्या दगडाच्या भिंती आणि मातीची धाबी नाहीत इथे."

"तेच म्हणते मी. लेक डोंगरात दिली होतीत, तिथेच बाळंत होऊ द्यायची होती."

मी ओठ चावला. डॉक्टर म्हणाला होता शांत ठेवा. नाहीतर त्या दिवशी मी विहिणीला तिच्या सळईसकट डोंगरावर परत पोचवली असती.

तुम्ही म्हणाल, ही बाई आगीला एवढी का भिते? ऐका. मी लहान असताना असाच एक गरमिश आला होता. कुणीतरी भाकरीपुरता जाळ केला. आमची आळी भाताच्या उडवीसारखी पेटली. आईने मला ओढत शेतात नेलं, ओल्या बांधावर बसवलं आणि पाळण्यात राहिलेल्या माझ्या भावाला आणायला ती परत आत गेली. ती दोघं बाहेर आली नाहीत. मी बांधावर बसून होते. एवढंच सांगते, याच्यापुढचं मी कुणालाच सांगत नाही.

त्यामुळे माझं नाक गरमिशमध्ये कुत्र्यासारखं तिखट होतं. दुपारी मी तूबाला पाणी पाजायला खोलीत गेले आणि मला वास आला. धुराचा नाही, गरम राखेचा. मी सगळीकडे बघितलं. बाळाच्या दुपट्यांचा ढीग, उशीखाली विहिणीची सळई, सगळं जागच्या जागी. मग खाली वाकून खाटेखाली हात घातला, तर माझ्या बोटांना मातीचं मडकं लागलं. गरम. वर झाकण, आत राख, आणि राखेखाली लालबुंद निखारे. माझ्या लेकीच्या आणि नातीच्या खाली, चटईवर, गवताच्या गादीला टेकून!

मी ते मडकं घागऱ्याच्या घोळात धरून ओटीवर आणलं आणि विहिणीच्या समोर ठेवलं.

"हे काय आहे?"

"विस्तव आहे," ती म्हणाली. लाजबीज काही नाही. "तुमचा तो बादलीवाला यायच्या आधीच काढून ठेवला मी. राखेत पुरलाय. ठिणगी उडत नाही."

"उडत नाही! उडेल तेव्हा कुणाला सांगायला येणार आहात तुम्ही? माझी लेक जाळायला बसलाय का घरात?"

"आणि तुम्ही? तुम्ही तिला आलच्या तोंडी द्यायला बसलात त्याचं काय?" तिचा आवाज चढला. "माझ्या दोन सुना अशाच गेल्या, शौकतबाई. एकीचा विस्तव पावसाने विझला, एकीचा माझा डोळा लागल्याने. ही तिसरी आहे. हिला मी जाऊ देणार नाही. तुम्ही मला मारा, हाकला, काय करायचं ते करा."

हे मला माहीत नव्हतं. दोन सुना गेल्याचं माहीत होतं, विस्तवाचं नव्हतं. मी काही बोलणार एवढ्यात अंगणात बादली आपटल्याचा आवाज आला. कबलाई शाबान. एवढ्या आरड्याओरड्यावर तो न येता तर नवलच. त्याने मडक्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्याची दाढी थरथरायला लागली.

"शौकत, तू? तू, जिची आई..."

"माझं नाव घेऊ नकोस. मी बाहेर काढलाय, आत ठेवला नव्हता."

"कुणीही ठेवला असू दे. बाजूला व्हा." त्याने बादली उचलली.

तेवढ्यात तूबा दारात येऊन उभी राहिली. चौकटीला धरून. केस मोकळे, पाय लटपटताहेत, अंगावर नुसता झगा. तिला खाटेवरून उतरायची मनाई होती. "कबलाई काका," ती म्हणाली, "तो विझवू नका. तो विझला तर मी वाचत नाही. मला माहीत आहे, मी वाचत नाही." आणि ती तिथेच खाली बसली. मी तिला उचललं तेव्हा ती तव्यासारखी तापलेली होती, आणि मला डॉक्टरचं बोलणं आठवलं, घाबरवू नका. आता हिला शांत करायचं तर विस्तव हवा, आणि विस्तव ठेवला तर घर जातंय, गाव जातंय. माझं डोकं चालेना. मी यदुल्लाकडे बघितलं. तो माणूस चहाविना बसलेला, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची! "काय करायचं ते बायकांनी ठरवा," म्हणाला.

कबलाई शाबानची बादली तशीच वर. आणि माझी विहीण बोलली ती अगदी हळू.

"कबलाईसाहेब, पाण्यावर विस्तव ठेवला तर चालेल का तुम्हाला?"

"म्हणजे?"

"ते तळं आहे ना. त्यात होडगं आहे. मी मडकं घेऊन मध्यावर बसते. ठिणगी उडाली तर पाण्यात पडेल. छपरं लांब आहेत, आणि वारा तळ्यावरून पलीकडे शेतात जातोय, घरांकडे येत नाही." मग ती तूबाकडे वळली. "आणि पोरी, आल काळीज घेऊन जाते कुठे? पाण्याकडेच ना? ह्या घराला पाणी एकच, ते तळं. मी तिच्या वाटेतच विस्तव घेऊन बसते. मग आणते कुठून ती काळीज बुडवायला पाणी?"

तूबा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्ही बसाल?"

"बसेन."

"वारा पडेपर्यंत?"

"पडेपर्यंत."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ही बाई पाण्याला भ्यायची. डोंगरातली ती, तिला गुडघाभर ओढा ओलांडायचा तर चार माणसं लागत. आली त्या दिवसापासून तळ्याच्या बाजूच्या ओटीवर बसायला तयार नव्हती, म्हणायची चक्कर येते. पण मी तिला अडवलं नाही. कबलाई शाबानने दाढी कुरवाळली आणि शेवटी बादली खाली ठेवली. त्याने अट घातली, होडगं दोराने मध्यावर बांधायचं, मडक्यावर झाकण ठेवायचं आणि वारा पडेपर्यंत तो विस्तव काठाला आणायचा नाही. "काठाला आणलात तर मी विहीण बघणार नाही, बाळंतीण बघणार नाही," तो म्हणाला.

होडग्यात पाय टाकताना विहिणीने माझा दंड धरला. नखं रुतली माझ्या हातात. तिचे ओठ हलत होते, पण दुआ होती की मला शिव्या होत्या, कळलं नाही. यदुल्लाने पाण्यात उतरून होडगं मध्यावर ढकललं आणि दोर पाण्यातल्या खुंटाला बांधला. ती मडकं मांडीत घेऊन, त्याच्यावर घागरा पसरून, डोळे गच्च मिटून बसली.

तूबाची खिडकी तळ्याकडेच होती, पण ती लावून घ्यावी लागे, इतकी धूळ यायची. म्हणून मग हाक मारायचं ठरलं. तूबा विचारी, "आई, जळतोय का?" की मी ओटीच्या टोकाशी जाऊन ओरडे, "विहीणबाई, जळतोय ना?" आणि तळ्यातून आवाज येई, "जळतोय!" तो आवाज आत ऐकू गेला की तूबा मान टाकून पडे, पाणी पिई, बाळाला घेई. थोड्या वेळाने परत, "आई, जळतोय का?"

दुपारभर असंच चाललं. वाऱ्याचा जोर कमी म्हणून होईना. छपराच्या पेंढ्या वर उचलून परत आपटत होत्या. लसणीचा वाफा माझ्या डोळ्यांदेखत माना टाकून बसला. तळ्यावर लाटा उठायला लागल्या, तळ्यावर! होडगं खुंटाभोवती गरगरत होतं आणि त्यात ती बाई वाकून, मडक्यावर पोट टेकून. तिला ओकारी झाली तेही मी बघितलं. हाक मारली तर तोंड पुसून म्हणाली, "जळतोय!" मनात म्हटलं, धन्य आहे बाई तुझी. आणि लगेच मनात म्हटलं, पण हिच्यामुळेच पोरीच्या डोक्यात हे खूळ भरलं. माणसाचं मन असं असतं, एका वेळी एका जागी कुठे बसतंय.

ती रात्र आम्ही अंधारात काढली. मी तूबाचं अंग पुसत होते, तिचा ताप हाताने बघत होते, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला बाहेर जाऊन हाक मारत होते. काळ्या मिट्ट तळ्यातून उत्तर येत होतं. एकदोनदा उशिरा आलं. पण आलं.

पहाटे तूबाने आपणहून खायला मागितलं. गार भात, चिमूटभर मीठ, दोन घास खाल्ले. माझ्या हाताला ताप किंचित कमी वाटला. वाटला म्हणते, कारण अशा वेळी हातसुद्धा आपल्याला हवं ते सांगतो. डॉक्टरने संध्याकाळ म्हटली होती. मी यदुल्लाला तिच्याजवळ बसवलं, फडक्यात भात आणि खारवलेल्या मासळीचा तुकडा बांधला आणि तळ्यावर गेले. माणूस कालपासून उपाशी होतं. होडगं काठाला ओढायची बंदी, म्हणून घागरा वर खोचून मी पाण्यात शिरले. गार पाण्याने अंगावर काटा आला, आणि वरून वारा गरम. मध्यावर गेले तरी पाणी माझ्या छातीलाच. म्हणजे ही बाई ज्या पाण्याला रात्रभर मरणासारखी भीत बसली होती, त्यात उभं राहिलं असतं तर तिचं नाकसुद्धा बुडालं नसतं. मला हसू फुटलं.

"विहीणबाई, जेवायला आणलंय," मी होडग्याची कड धरून म्हटलं. "आणि जरा ते मडकं बघू. राख चढली असेल, फुंकर मारते."

"नको." तिने घागरा मडक्याभोवती आवळला. "मी मारते फुंकर. तुम्ही जा."

"अहो, आणा इकडे. रात्रभर तुम्हीच धरून बसलात."

"नको म्हटलं ना! हात लावू नका!" आणि तिने माझ्या हातावर चापट मारली. लहान पोराला मारतात तशी.

मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळे खोल गेलेले, ओठ फुटून रक्त आलेलं, आणि तिचा घागरा पुढून सगळा ओला. मी तिचा हात बाजूला केला आणि झाकण उचललं. आत चिखल होता. राखेचा काळा, गार चिखल. मी बोट घातलं. नुसता गार नाही, तळापर्यंत गार.

"कधी?" मी विचारलं.

तिने झाकणाकडे हात केला.

"कधी विझला, सनोबर?"

"काल," ती म्हणाली. "उन्हं उतरायच्या आधी. लाट आली, होडगं कलंडलं, मी मडकं वाचवायला वाकले आणि मडकंच पाण्यात तिरपं झालं. मीच बुडवला. माझ्याच हाताने."

"आणि रात्रभर तुम्ही..."

"काय करू मग? तुम्ही विचारलंत, जळतोय ना? तूबा आत ऐकत होती. 'विझला' म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं 'जळतोय'. मग दुसऱ्यांदा विचारलंत. मग परत."

मला असा संताप आला! खोटारडी, थापाडी, काय काय तोंडात आलं. एवढा तमाशा करून, गावाच्या जिवाशी खेळून, शेवटी हे? आणि त्या संतापाच्या मागोमाग भीती आली. कारण रात्र गेली होती, अख्खी काळी रात्र, आणि तूबाच्या आणि ह्या पाण्याच्या मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. दिवसा मी आल मानत नाही. तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तरी पाण्यावर कुठे काही लाल तरंगतंय का ते मी बघितलं. खुदाची शपथ, बघितलं.

"मग तुम्ही परत का नाही आलात?" मी विचारलं. "विझल्यावर बसून काय राहिलात?"

तिने मांडीखालून सळई काढून दाखवली. कालच तूबाच्या उशीखालून तिने ती मागून घेतली होती, आणि मला ते माहीत नव्हतं.

"विस्तव गेला, पण लोखंड होतं ना," ती म्हणाली. "अंधार पडल्यावर ती येणार, मला माहीत होतं. म्हणून पाणी बडवत बसले. ह्या बाजूने दहादा, त्या बाजूने दहादा. म्हटलं, आलीच तर आधी मला ओलांडून जावं लागेल. माझं काळीज घे म्हटलं, म्हातारं आहे, पण घे." आणि मग ती रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर ओला घागरा धरून. "तूबा कशी आहे? खरं सांगा. आहे ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई रात्रभर मला उत्तर देत होती, आणि तिला मात्र तूबाचं विचारायला कुणी नव्हतं. तिचा आलवर विश्वास माझ्यासारखा अर्धाकच्चा नव्हता. तिच्या लेखी आल खरंच येणार होती, लाल केस सोडून, ह्याच पाण्यावर. आणि ही, जिला ओढा ओलांडताना चार माणसं लागतात, ती हातात एक सळई घेऊन तिच्या वाटेत बसून राहिली होती.

"आहे," मी म्हटलं. "दोन घास खाल्ले तिने."

"मीठ घालून?"

"मीठ घालून."

तिने डोळे पुसले. मी भाताचं फडकं तिच्या मांडीत ठेवलं, झाकण परत मडक्यावर घातलं आणि तिचा घागरा त्याच्यावर होता तसा पसरून दिला. "वारा अजून पडलेला नाही," मी म्हटलं. "बसा. कुणाला कळता कामा नये. कबलाईला नाही, यदुल्लाला तर मुळीच नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आणि तिने विचारलं तर?"

"विचारू दे की."

मी ओल्या कपड्यानिशी घरात आले. तूबा जागीच होती. माझ्याकडे बघून तिने पहिला प्रश्न तोच केला. मी आयुष्यात कुणाचं मन राखायला खोटं बोलले नाही, सारा गाव सांगेल, माझी जीभ म्हणजे करवत. माझ्या नवऱ्याला त्याच्या आईच्या मातीला जमलेल्या लोकांसमोर मी म्हटलं होतं की तुझी आई कजाग होती. पण मी लेकीच्या खाटेवर बसले, तिचे पाय मांडीवर घेतले आणि म्हटलं, "जळतोय. मी स्वतः फुंकर मारून आले. असा लाल आहे, की डोळा ठरत नाही."

"कबलाई काका काही म्हणाले नाहीत?"

"म्हणतोय काय! लांबून बघून गेला."

ती हसली. आजारात पहिल्यांदा हसली.

दुपार झाली. वारा तसाच. अंगणात फुलांचा सडा पडला, आलुच्याचं झाड सकाळी होतं त्याच्या निम्मंही राहिलं नाही. ह्या वर्षी एक फळ धरणार नव्हतं, पण कुणाला पडलंय त्याचं. तूबाने आणखी दोनदा विचारलं, मी दोनदा हाक मारली, दोनदा उत्तर आलं. नंतर तिने विचारणं बंद केलं. मी दचकून वाकून बघितलं, तर ती झोपली होती. नीट, तोंड थोडं उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. तिच्या केसांच्या कडेला बारीक थेंब आले होते. मी हात लावला. घाम होता. कपाळ ओलं होतं आणि गार होत चाललं होतं, पण मी स्वतःला म्हटलं, शौकत, हुरळू नकोस, डॉक्टरने संध्याकाळ म्हटलीय, संध्याकाळ अजून झालेली नाही. बाळ तिच्या कुशीत चुळबुळ करत होतं. छपर एकदा जोरात कडकडलं, आणि मी तशीच बसून राहिले, हात तिच्या कपाळावर ठेवून. जरा हात काढला की वाटे, परत तापलं तर? परत ठेवी. यदुल्ला दारात येऊन काहीतरी विचारायला लागला तर मी त्याला डोळ्यांनीच हाकललं.

मग मला ते बसणं सहन होईना. मी हळूच उठले, पाय न वाजवता बाहेर आले, ओटीच्या टोकाशी गेले. तळ्यात ती तशीच बसलेली, गार मडक्यावर वाकून. मागे तूबा गाढ झोपलेली. तिला काही ऐकू जाणार नव्हतं. कुणालाच ऐकवायचं नव्हतं. तरी मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडले.

"विहीणबाई, जळतोय ना?"

तिने मान वर केली. माझ्या मागच्या बंद खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जळतोय, शौकत," ती ओरडली. "जळतोय!"